प्रतिजैविकांना न जुमानणारे पोटाचे रोगजंतू

पुणे–बंगळूर राष्ट्रीय महामार्गाने कोल्हापूर मागे टाकून दक्षिणेकडे निघाले की थोड्याच अंतरावर कागल लागते. राजर्षी शाहू छत्रपती ज्या घाटगे घराण्यात जन्मले, त्या घराण्याचे हे गाव. कागल व हातकणंगले या दोन तालुक्यांच्या सीमेवर पसरलेली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पंचतारांकित वसाहत ही या परिसराची आजची ओळख होय. कापड, ओतीव लोखंडाचे सुटे भाग, यंत्रसामग्री अशी नाना प्रकारची उत्पादने येथे होतात. आसपासच्या खेड्यांतील तरुण आणि परराज्यांतून आलेले कामगार येथे पाळ्यांमध्ये काम करतात, कँटीनमध्ये एका पंगतीला जेवतात आणि पुष्कळदा भाड्याच्या एका खोलीत चौघे-पाचजण राहतात.

अशा कोणत्याही औद्योगिक वसाहतीत पोट बिघडणे ही नित्याची बाब आहे. पाळी बुडाली की रोज बुडतो. म्हणून कामगार औषधाच्या दुकानात जातो, "जुलाब थांबायची गोळी द्या" म्हणतो, आणि त्याला बहुधा दोन औषधांचे मिश्रण असलेली एक प्रतिजैविकाची गोळी मिळते. दोन गोळ्यांत बरे वाटले की उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी अथवा खोलीतल्या सोबत्यासाठी राखून ठेवल्या जातात. हे चित्र केवळ कागलचे नाही. चाकण, बुटीबोरी, भिवंडी, किंबहुना देशातील कोणत्याही श्रमिक वस्तीत ते दिसेल. पाहता क्षणी त्यात वावगे असे काही वाटत नाही. परंतु याच सवयीमुळे पोटाच्या विकारांवरील एकेक गुणकारी औषध आपल्या हातून निसटत चालले आहे.

रक्तदाबाची गोळी घेतल्याने परिणाम होतो तो घेणाऱ्या एकट्यावर. प्रतिजैविकाचे तसे नाही. त्याची गोळी एकजण घेतो आणि तिचा परिणाम साऱ्या वस्तीला भोगावा लागतो. हे कसे घडते, हे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी समजून घेणे आवश्यक आहे. कारण या प्रश्नाचा बराचसा उलगडा दवाखान्याबाहेर, पाण्याच्या टाकीपाशी आणि सांडपाण्याच्या गटारापाशी होतो.

जंतू औषधाला कसे पचवितात

पोटाचे विकार उत्पन्न करणाऱ्या जीवाणूंत विषमज्वराचा साल्मोनेला टायफी, रक्ती हगवणीचा शिगेला, पटकीचा व्हिब्रिओ कॉलरा आणि ई. कोलायच्या काही जाती हे प्रमुख होत. हे सर्व रुग्णाच्या विष्ठेवाटे बाहेर पडतात आणि पाणी, अन्न, माश्या अथवा न धुतलेले हात यांच्यामार्फत दुसऱ्याच्या तोंडात जातात.

जीवाणूंची वाढ अतिशय वेगाने होते. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय दर 20 मिनिटांनी दुप्पट होतो. याचा अर्थ असा, की एका जीवाणूपासून 10 तासांत 30 पिढ्या निर्माण होऊन त्यांची संख्या 107 कोटींवर जाऊ शकते. एवढ्या प्रचंड संततीत एखाद्या जीवाणूच्या जनुकात किंचित बदल झालेला असतो. एरवी त्या बदलाला महत्त्व नसते. परंतु प्रतिजैविक पोटात गेले की साधे जीवाणू मरतात आणि ज्याच्यात औषधाला दाद न देण्याचा बदल झाला आहे तो शिल्लक राहतो. मोकळ्या झालेल्या रानात मग त्याचीच संतती फोफावते.

ही तग धरण्याची रीत निरनिराळी असते. काही जीवाणू औषधाचे तुकडे करणारे विकर तयार करतात. काही आत शिरलेले औषध पंपाप्रमाणे बाहेर फेकतात. औषध ज्या ठिकाणी घाव घालते त्या ठिकाणाची रचनाच काही जीवाणू बदलून टाकतात.

याहून गंभीर बाब म्हणजे ही विद्या जीवाणू एकमेकांना देतात. प्लाझ्मिड नावाचे जनुकांचे एक लहानसे वलय असते. एका जीवाणूकडून ते दुसऱ्याकडे जाते, आणि दुसरा निराळ्या जातीचा असला तरी त्याला ते चालते. जपानमध्ये 1950 नंतरच्या दशकात हगवणीचे जंतू एकाच वेळी चार-चार औषधांना जुमानीनासे झाले, तेव्हा शास्त्रज्ञ बुचकळ्यात पडले. आतड्यात निरुपद्रवीपणे राहणाऱ्या ई. कोलायकडून शिगेलाला ही शक्ती मिळू शकते, हे 1959 मध्ये तेथील संशोधकांनी दाखवून दिले.

हा मुद्दा नीट ध्यानात घेतला पाहिजे. निरोगी माणसाच्या आतड्यातही असंख्य जीवाणू असतात आणि ते त्याला अपाय करीत नाहीत. परंतु विनाकारण घेतलेल्या प्रतिजैविकाने या निरुपद्रवी जीवाणूंनाच औषधाशी झुंजण्याची तालीम मिळते. पुढे शौचावाटे ते गटारात, गटारातून ओढ्यात आणि तेथून पाण्यात जातात. मग केव्हातरी विषमज्वराच्या जंतूशी त्यांची गाठ पडते आणि ती विद्या त्याच्या हाती लागते. गोळी घेणारा तोवर आपण गोळी घेतली होती हेही विसरून गेलेला असतो.

विषमज्वराची कहाणी

प्रतिजैविके हाती येण्यापूर्वी विषमज्वराच्या शंभर रुग्णांतील दहा ते वीस रुग्ण दगावत. 1948 मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल या औषधाचा विषमज्वरावर गुण येतो असे दिसून आले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. आपल्या राज्यातही त्या सुमारास नवे पर्व सुरू झाले होते. पिंपरी येथे 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्याची स्थापना झाली व पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. संसर्गजन्य रोगांचा प्रश्न आता सुटला, अशी आशा त्या काळी सर्वत्र होती. मात्र पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 मध्येच, नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच्या व्याख्यानात, अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला सरावतील असा इशारा देऊन ठेवला होता.

तो इशारा खरा ठरला. 1972 मध्ये केरळातील कोझिकोडे येथे आणि त्याच वर्षी मेक्सिकोत क्लोरॅम्फेनिकॉलला दाद न देणाऱ्या विषमज्वराच्या साथी उद्भवल्या. 1980 नंतरच्या दशकाच्या अखेरीस क्लोरॅम्फेनिकॉल, ॲम्पिसिलिन आणि कोट्रायमोक्साझोल या तिन्ही औषधांना न जुमानणारे जंतू भारतात पसरले. मग सिप्रोफ्लॉक्सासिन पुढे आले. ते स्वस्त होते, तोंडाने घेता येत होते आणि गुणही लवकर येई. म्हणूनच ते तापाला, जुलाबाला, सर्दीलासुद्धा सर्रास दिले गेले. आज त्याची स्थिती काय आहे? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देखरेख जाळ्यातील अलीकडच्या अहवालांनुसार, तपासलेल्या विषमज्वराच्या जंतूंपैकी 95 टक्क्यांहून अधिक जंतू या गटातील औषधांना दाद देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्राधान्याच्या जीवाणूंच्या यादीत फ्लुओरोक्विनोलोन गटातील औषधांना न जुमानणाऱ्या साल्मोनेला टायफी व शिगेला यांचा समावेश आहे तो यामुळेच.

आता डॉक्टरांची मुख्य मदार सेफ्ट्रायॅक्झोन, सेफिक्झिम आणि ॲझिथ्रोमायसिन यांच्यावर आहे. पण येथेही चिंता आहेच. 2016 च्या अखेरीस पाकिस्तानातील सिंध प्रांतात विषमज्वराची जी साथ सुरू झाली, तिच्या जंतूंवर सेफ्ट्रायॅक्झोनही चालेना. तोंडाने घेण्याच्या नेहमीच्या औषधांपैकी ॲझिथ्रोमायसिन तेवढे उरले. जनुकांचा तपास झाला तेव्हा विषमज्वराच्या जंतूने ही शक्ती एका प्लाझ्मिडाद्वारे मिळविल्याचे दिसले, आणि तसेच प्लाझ्मिड ई. कोलायमध्ये सापडले. जपानी संशोधकांनी सुमारे सहा दशकांपूर्वी सांगितलेलीच ही गोष्ट होय. सेफॅलोस्पोरिनच्या याच पिढीला दाद न देणारे विषमज्वराचे जंतू आपल्या मुंबईतही आढळल्याचे 2022 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले आहे.

या कहाणीला एक आशादायक बाजूही आहे. क्लोरॅम्फेनिकॉल, ॲम्पिसिलिन, कोट्रायमोक्साझोल या जुन्या औषधांचा विषमज्वरासाठी वापर घटल्यानंतर अनेक वर्षांनी भारतातील बहुतेक विषमज्वराचे जंतू पुन्हा त्यांना बळी पडू लागले आहेत. ही औषधे कोणी, केव्हा घ्यावीत हा अर्थातच डॉक्टरांचा प्रश्न आहे. आपल्या दृष्टीने बोध इतकाच, की औषधाला विश्रांती मिळाली तर गेलेले बळ काही अंशी परत येऊ शकते. संयम वाया जात नाही.

प्रत्येक जुलाबाला प्रतिजैविक नको

जुलाबाच्या विकारांपैकी कितीतरी विषाणूंमुळे होतात अथवा आपोआप बरे होतात. विषाणूंवर प्रतिजैविकाचा काडीमात्र उपयोग होत नाही. जुलाबात माणूस दगावतो तो मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. त्यावर उपाय जलसंजीवनी. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी, 1971 मध्ये, पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीने थैमान घातले होते. शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर व क्षार मिसळलेले पाणी पिंपांत भरून रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजण्याची व्यवस्था केली. शंभरात सुमारे तीसपर्यंत गेलेले मृत्यू चारांहून खाली आले. जगभर कोट्यवधी प्राण वाचविणाऱ्या या उपायाला लागते ते स्वच्छ पाणी, साखर, मीठ आणि थोडे ज्ञान.

जलसंजीवनीचे पाकीट प्राथमिक आरोग्य केंद्रात व आशा कार्यकर्तीकडे मिळते. ते नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ढवळावे व थोडे थोडे पाजावे. लहान मुलांना त्याबरोबर डॉक्टरांच्या अथवा आरोग्य सेविकेच्या सल्ल्याने 14 दिवस जस्ताच्या गोळ्या द्याव्यात. अंगावरचे दूध व नेहमीचे जेवण बंद करू नये.

याचा अर्थ प्रतिजैविक कधीच घेऊ नये असा मुळीच नाही. शौचातून रक्त पडत असेल, ताप उतरत नसेल, पटकीसारखे पाण्याचे जुलाब होत असतील, रुग्ण ग्लानीत असेल, तर विलंब न लावता डॉक्टरांकडे गेले पाहिजे. तेथे प्रतिजैविक प्राण वाचविते, आणि तेथे ते गुणकारी ठरावे म्हणूनच इतरत्र ते जपून वापरावयाचे. विषमज्वराचा संशय असल्यास औषध सुरू करण्यापूर्वी रक्ताचे कल्चर करणे ही खरी कसोटी होय. एकट्या विडाल चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस औषध घ्यावे. त्याहून कमी नाही आणि अधिकही नाही. उरलेली गोळी दुसऱ्यास देऊ नये.

पाणी : औषधांचे खरे संरक्षक

जो आजार झालाच नाही त्याला औषध लागत नाही, आणि जे औषध वापरलेच नाही त्याला जंतू सरावत नाहीत. म्हणून शुद्ध पाणी हेच प्रतिजैविकांचे सर्वांत मोठे संरक्षक आहे.

कोल्हापूरच्या आसपास याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. शेजारच्या सांगलीत डिसेंबर 1975 ते फेब्रुवारी 1976 या काळात दूषित पाण्यामुळे विषमज्वराची मोठी साथ आली होती. कागलपासून फार लांब नसलेल्या इचलकरंजीत 2012 च्या उन्हाळ्यात काविळीची साथ पसरली आणि काहींना प्राण गमवावे लागले. दूषित पाण्यातून पसरणारी ही कावीळ विषाणूंमुळे होते. म्हणजे तेथे जगातील कोणतेही प्रतिजैविक कामाचे नव्हते. पाण्याची वाट एकच असते. तिने जीवाणूही येतात आणि विषाणूही. ती वाट बंद केली तर दोन्ही थांबतात.

ही वाट बंद करण्याची साधने ग्रामपंचायतीच्या हाती आहेत. जलसुरक्षकाने रोज टी.सी.एल. पावडर टाकली की नाही, पावडरीत क्लोरीनचे प्रमाण 20 टक्क्यांहून कमी तर झाले नाही, ती कोरड्या व बंद जागी ठेवली आहे का, हे सदस्यांनी अधूनमधून स्वतः पाहावे. ओ.टी. चाचणीने टाकीजवळच्या नळाबरोबरच गावाच्या शेवटच्या टोकाचा नळही तपासावा; तेथे लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन मिळाला पाहिजे. स्रोतांच्या सर्वेक्षणानंतर मिळणारे लाल, पिवळे अथवा हिरवे कार्ड हे फायलीत ठेवण्याचे कागद नव्हेत. लाल कार्ड का मिळाले याची चर्चा ग्रामसभेत व्हावी. गटारातून गेलेली जलवाहिनी, फुटका व्हॉल्व्ह, विहिरीभोवतीचा उखडलेला कट्टा हे सारे दोष असे आहेत की ते पंचायतीच्या पातळीवर दुरुस्त होऊ शकतात.

औद्योगिक वसाहतीलगतच्या पंचायतींची जबाबदारी काहीशी निराळी आहे. येथे गावच्या नोंदीत नसलेली भाडेकरूंची मोठी वस्ती असते. तिच्यासाठी नळ व शौचालये किती आहेत, टँकरचे पाणी येत असेल तर ते कोठून भरले जाते, याची माहिती पंचायतीने ठेवलीच पाहिजे. कारखान्यात पिण्याचे शुद्ध पाणी व प्रसाधनगृहे पुरविणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. कँटीनमधील स्वयंपाक्यांची आरोग्यतपासणी आणि हात धुण्यासाठी साबण ही फार खर्चाची बाब नाही. विषमज्वरातून बरे झालेले काहीजण पुढे दीर्घकाळ जंतूंचे वाहक राहतात हे लक्षात घेता, तिचे महत्त्व पटावे.

सांडपाणी आणि गोठा

दूधगंगा आणि पंचगंगा या दोन्ही नद्या शेवटी कृष्णेला मिळतात. वरच्या गावाने सोडलेले खालच्या गावाच्या वाट्याला येते. सांडपाण्यात माणसांच्या पोटातील जंतू असतात, औषधांचे अंश असतात. जंतूंना एकमेकांशी देवघेव करण्यास यासारखी जागा नाही. तांबे व जस्त यांसारख्या धातूंच्या संपर्कातही प्रतिकारक जंतूंना बळ मिळू शकते, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. हैदराबादजवळील पटनचेरू येथे औषध कारखान्यांच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत असल्याचे 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले, तेव्हा जगाचे लक्ष या प्रश्नाकडे वेधले गेले. कागलच्या वसाहतीत प्रामुख्याने कापड व ओतकामाचे उद्योग असल्याने तेथील प्रश्न त्या स्वरूपाचा नाही. तथापि बोध सर्वांना सारखाच आहे. सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र अखंड व योग्य रीतीने चालविणे आणि शौचालयांचे पाणी प्रक्रियेविना ओढ्यात जाऊ न देणे, हे आरोग्याचेच काम आहे.

गोठा आणि कोंबड्यांची शेड यांचाही येथे संबंध येतो. कोलिस्टिन हे माणसांसाठी अखेरचा आधार मानले जाणारे औषध. कोंबड्यांच्या व इतर खाद्यप्राण्यांच्या पालनात त्याच्या वापरावर केंद्र शासनाने जुलै 2019 मध्ये बंदी घातली. कोल्हापूर हा दुधाचा जिल्हा. जनावराला कासदाहासाठी प्रतिजैविक दिले असेल, तर पशुवैद्यकाने सांगितलेले दिवस भरेपर्यंत ते दूध संस्थेत घालू नये, हे पथ्य प्रत्येक दूध उत्पादकाने पाळावे.

लस आणि कायदा

विषमज्वराच्या बाबतीत लसीचा आधार आता उपलब्ध आहे, आणि या कामी महाराष्ट्राने देशात पुढाकार घेतला हे आवर्जून नमूद केले पाहिजे. नवी मुंबई महानगरपालिकेने 2018 मध्ये 9 महिने ते 14 वर्षे वयाच्या सुमारे 1 लाख 13 हजार मुलांना विषमज्वराची नवी संयुग्म लस दिली. लस दिलेल्या वस्त्यांत मुलांमधील विषमज्वर निम्म्याहून अधिक घटल्याचे पुढील पाहणीत आढळून आले. लसीमुळे आजार टळतो आणि आजाराबरोबर औषधही टळते.

कायद्याची व्यवस्थाही आहे. औषधाच्या वेष्टनावर उभी लाल रेघ असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकत घेऊ नये वा विकू नये. 1 मार्च 2014 पासून अमलात आलेल्या एच-1 या अनुसूचीनुसार सेफिक्झिम, सेफ्ट्रायॅक्झोन आदी औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही दुकानदाराने ठेवावयाची असून ती तीन वर्षे जपावयाची असते. परंतु गिऱ्हाइकानेच चिठ्ठीविना औषध मागितले व दुकानदाराने ते दिले, तर कायदा कपाटातच राहतो.

शाळेतून सुरुवात

शिक्षकांना या कामी फार काही साहित्य लागणार नाही. फळ्यावर एक लिहावा, त्याखाली दोन, मग चार, आठ, सोळा. तीस वेळा दुप्पट केल्यावर काय होते ते मुलांनाच मोजू द्यावे. घरी पडलेली औषधांची रिकामी वेष्टने आणून त्यांवरील लाल रेघ त्यांना शोधू द्यावी. पाणी तपासण्याची बाटली शाळेत ठेवून नळाचे पाणी एक-दोन दिवसांत काळे पडते का ते पाहावे. काळे पडले तर त्या पाण्यात शौचाचे जंतू शिरल्याचा संशय घ्यावा आणि ही वार्ता मुलांकरवीच सरपंचांपर्यंत जाऊ द्यावी. जुलाब झालेल्या धाकट्या भावंडासाठी साखर-मिठाचे पाणी करता येणारे मूल हे गावच्या आरोग्याचे मोठे भांडवल आहे.

2019 या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसे थेट मृत्युमुखी पडली, असा अंदाज संशोधकांनी बांधला आहे. नवी प्रतिजैविके शोधण्यास वर्षानुवर्षे लागतात. जंतूंना ती पचविण्यास तेवढा वेळ लागत नाही. तेव्हा हाती असलेली औषधे सार्वजनिक विहिरीतील पाण्याप्रमाणे जपून वापरणे हाच मार्ग उरतो. विहीर कोणा एकाची नसते. पण ती घाण करण्यास एकजण पुरेसा होतो, आणि ती स्वच्छ राखण्यास मात्र सर्वांना राबावे लागते. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर क्लोरीनच्या नोंदी, वसाहतीलगतच्या वस्तीचे पाणी आणि औषध दुकानांशी विचारविनिमय हे तीन विषय आले, तरी या कामाला चांगला प्रारंभ झाला असे म्हणता येईल.